फडताळाचं दार

केडगाव,
९ जानेवारी १९७२

ती. पुष्पाअक्कास,
गहिनीनाथचा नमस्कार.

पत्राला उशीर झाला, त्याला एक वारलेले गृहस्थ कारणीभूत आहेत. साखर कारखान्याचे चेअरमन आप्पासाहेब, त्यांचे वडील. ते गेले तेव्हा त्यांच्या गावात कॅमेरा पोचलेला नव्हता, त्यामुळे फोटो नाही. आणि तैलचित्र तर हवं, कारखान्याच्या हॉलमध्ये लावायला. आप्पासाहेब माझ्यासमोर खुर्चीत बसले आणि म्हणाले, माझ्याकडे बघून काढा, डोक्यावर पागोटं घाला आणि मिशा वाढवा. तसं काढलं. बघायला सगळा गोतावळा आला. आप्पासाहेबांची आत्या चित्र बघून हुंदका देऊन रडली, म्हणाली, दादाच उभा राहिला. धाकट्या भावाने मात्र हळूच विचारलं की नाक कोणाचं आहे. मी म्हणालो, घराण्याचं. विषय मिटला.

अक्का, मुंबईच्या कलाशाळेतून परत आल्यापासून मी हेच करतोय. मेलेल्यांच्या गालांवर गुलाबी रंग चढवतोय. जिवंतपणी ज्यांच्या तोंडावर कधी तजेला दिसला नाही, ते माझ्या हातून भिंतीवर टवटवीत होतात. दुकान चालतं, नाही असं नाही. लोक मरायचे थांबत नाहीत.

पण आता एक झालंय. चित्रकलेच्या परीक्षांसाठी पुण्याहून एक प्राध्यापक नगरला परीक्षक म्हणून आले होते. चष्म्याला दोरी आहे, त्यावरून मोठे असावेत. ते दुकानात आले, मागच्या खोलीत मी माझ्यासाठी म्हणून काढतो ती चित्रं त्यांनी पाहिली आणि म्हणाले, तुमचं प्रदर्शन आमच्या कलामंडळात करू. फक्त एक परिचय लिहून द्या. गुरू कोण, प्रभाव कोणाचे, शैलीचा प्रवास कसा झाला.

मी लिहिलाय. तू मास्तरीण, म्हणून भाषा तपासायला पाठवतोय. सुरुवात अशी: ‘प्रस्तुत चित्रकारावर पाश्चात्त्य नवचित्रकलेच्या विविध प्रवाहांचा सखोल ठसा उमटलेला असून, आकाराचे विघटन हा त्याच्या चिंतनाचा गाभा आहे.’ पुढची दोन पानं सोबत जोडली आहेत.

आप्पासाहेबांचे वडील हे माझे शेवटचे मृत. हे ठरलं. या प्रदर्शनात माझं काम माझं म्हणून उभं राहिलं नाही, तर मग आयुष्यभर मिशाच वाढवीत बसावं लागेल.

आईला नमस्कार सांग. तिला म्हणावं, तुझ्या पोराचं पुण्यात होणार आहे. काय होणार ते सांगू नकोस, तिला वाटेल लग्न.

तुझा,
गहिनी

---

मुंगसवाडी, ता. शेवगाव,
२३ जानेवारी १९७२

चि. गहिनीनाथ यास,
आशीर्वाद, आणि सोबत लाल शाई.

तुझा परिचय तपासला. शुद्धलेखनात चूक नाही. बाकी सगळी चूक आहे. ‘विविध प्रवाहांचा सखोल ठसा’ हे वाचून मी शाळेच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. आपल्या ओढ्याला प्रवाह नाही आणि तुझ्यावर मात्र पाश्चिमात्यांचे विविध प्रवाह वाहून गेले. भिजलास कधी, ते आम्हाला कळलंच नाही.

मागच्या वर्षी मी मावशीला पोराचं दुकान दाखवायला घेऊन आले होते, आठवतं? त्या मागच्या खोलीत एक बाई होती, तिला एकाच बाजूला दोन डोळे होते. मावशीने विचारलं, ही कोण रं? तू म्हणालास, ही बाई नाही, हा आकार आहे. मावशी बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, “आकार आजारी दिसतोय.” तू रुसून चहा सांगायला गेलास. एवढं परीक्षण तुझा तो दोरीवाला चष्मासुद्धा करणार नाही.

गुरू कोण म्हणून विचारतात, तर मी सांगते. तू सहा-सात वर्षांचा असशील. मावशीने पुढची भिंत सारवून काढली होती, शेण आणि गढीखालची पांढरी माती. ओली होती तोवर तू बोटाने तिच्यावर बैल काढलास. चांगला होता बैल, वशिंडासकट. मावशीने आधी तुझ्या थोबाडीत दिली आणि मग बैलावरून हात फिरवला. एका हातात बैल गेला आणि त्या जागी कमानीसारख्या रेघा उठल्या, एकीला एक लागून. तू रडायला तोंड उघडलं होतंस, ते तसंच राहिलं. रडायचं विसरून तू त्या रेघा बघत बसलास. मी चौकटीत उभी होते. थोबाडीत खाल्लेलं पोर भिंतीकडे का बघतं, हे मला तेव्हा उमगलं नाही. आताही नीट उमगलेलं नाही, पण तुझ्या या दोन पानांपेक्षा त्यात जास्त काहीतरी आहे.

मावशीचा तोरा तुला माहीत आहे. गावात सारवावं तर बनुबाईनेच. शेजारच्या छबूबाईने अंगण सारवलं की ही मुद्दाम तिकडून जाते आणि म्हणते, बाई, पातळ झालं, पण चालंल. ते ‘चालंल’ छबूबाईला आठवडाभर पुरतं.

तेव्हा परिचय फाडून टाक. प्रदर्शन झालंच पाहिजे, पण ते दुसऱ्या कोणाचं होता कामा नये.

तुझी,
अक्का

ता. क. पुण्यात तुझं काहीतरी होणार आहे म्हटल्यावर मावशीने मुलीचं नाव विचारलं.

---

केडगाव,
१४ नोव्हेंबर १९७२

ती. अक्कास नमस्कार.

दहा महिने पत्र नाही, कारण आधी मी तुझ्यावर चिडलो होतो. उन्हाळाभर चिडलो होतो. पावसाळ्यात चिडायचं म्हटलं तर पाऊसच आला नाही. मग एके दिवशी दुकानाच्या ओट्याला मजुराकडून गिलावा करून घेत होतो, त्याचा हात फिरताना पाहिला आणि तुझ्या पत्रातला बैल आठवला.

त्या दिवसापासून ब्रश बाजूला ठेवलाय. दोन डोळ्यांच्या त्या बाईवर आधी माती फासली. आकार बरा झाला म्हणून आईला कळव. कॅनव्हास माती धरत नाही, पोपडे निघतात. म्हणून आता जाड फळ्या घेतो, त्यावर डिंकाचं पाणी, त्यावर माती, आणि मग हाताने. पण केडगावची माती काळी, वाळली की तडकते. आणि माझ्या हाताला ते वळण येत नाही. मी फिरवतो ते गवंड्याने थापल्यासारखं दिसतं. डोळ्यांना आठवतंय, हाताला आठवत नाही.

प्राध्यापक येऊन गेले. प्रदर्शन एप्रिलवर गेलंय. ते म्हणतात, यंदा दुष्काळाची चित्रं काढा. खपाटीला गेलेल्या बाया, डोक्यावर रिकामे हंडे, भेगाळलेली भुई. पुण्यात सध्या लोक असं बघून फार हळहळतात. मी नाही म्हणालो. मिशा वाढवल्या तेवढं पुरे, आता पोटं खपाटीला नेणार नाही.

माझं एक काम कर. आईला सांग, एखाद्या फळीवर सारवून पाठव, नेहमीसारखं. समोर ठेवून बघेन. शिवाय पाटीभर शेण आणि पोतंभर पांढरी माती एस.टी.ने पाठव. आपला कारभारी कंडक्टर आहेच त्या गाडीवर.

दिवाळीला आलो नाही, काम सोडवेना. तूही पत्र पाठवलंस की यायची गरज नाही, म्हणून निर्धास्त राहिलो.

तुझा,
गहिनी

---

मुंगसवाडी,
१२ डिसेंबर १९७२

चि. गहिनीनाथ यास आशीर्वाद.

तू पाटीभर शेण मागवलंस. गेल्या सहा महिन्यांत इतकं श्रीमंती मागणं या गावाकडे कोणी केलेलं नाही.

राजा, गावात जनावर राहिलेलं नाही. होती-नव्हती ती सगळी छावणीत आहेत. आपली दोन्ही बैलं आणि तांबडी गाय तिकडेच. गावात सकाळी कोंबडा आरवतो, तो पण आवाज राखून. पाण्याचा टँकर येतो त्या दिवशी मी शाळेची घंटा वाजवत नाही, वाजवून उपयोग नाही. निम्मी पोरं आईबापांबरोबर पाझर तलावाच्या कामावर आहेत. उरलेली सुकडी वाटायच्या वेळेला हजर होतात, ती मात्र वक्तशीर. मी सध्या तेवढीच शाळा भरवते.

घरांचं म्हणशील, तर दसऱ्याला कोणी सारवलं नाही. पाणी पिऊ की भिंतीला पाजू? सगळ्या गावाचे पोपडे निघालेत. छबूबाईची भिंत आणि मावशीची भिंत आता एकसारख्या दिसतात, आणि दुष्काळातलं हेच दुःख मावशीला जास्त लागलंय.

तीही कामावर जाते. मी नको म्हणाले. तुला कळवते म्हणाले, तर म्हणाली, कळीव, म्हंजी तू पन ऐक दोन शिव्या. रेशनवर तांबडी मिलो, अमेरिकेची ज्वारी, मिळते, तिच्या भाकरी करते आणि म्हणते, अमेरिकेतल्या गुरांचं नशीब चांगलं आहे.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवणार नव्हते. फळीपर्यंतच वाचलं, शेणाचं गाळलं. पण ती काय अडाणी आहे, तिने विचारलं की सारवायचं तर कशानं. दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर छावणीपर्यंत चालत गेली आणि आपल्याच तांबडीचं शेण पदराखाली झाकून घेऊन आली. छावणीतला कारकून शेणाचासुद्धा हिशेब ठेवतो म्हणे. तोंड धुतलेलं पाणी दोन दिवस एका लोट्यात साठवलं. गढीखालची माती घरात होती मूठभर. फळी सापडेना, तर फडताळाचं डावं दार बिजागरीतून उपसलं आणि त्याच्यावर हात फिरवला. दिवस कललेला होता. मी कंदील धरते म्हणाले, तर म्हणाली, हाताला काय डोळे लागत्यात व्हय.

दार कारभारीबरोबर पाठवते आहे. तुझ्या दाजींनी ते स्टँडपर्यंत डोक्यावर नेलं, वाटेत दोघांनी विचारलं की घर विकलं का. शेण आणि माती येणार नाही. एवढ्यात भागव.

बाकी ठीक. मावशीने सांगितलंय की बाकी ठीक आहे असं लिही, म्हणून लिहिते.

तुझी,
अक्का

---

केडगाव,
६ जानेवारी १९७३

ती. अक्का,

दार पोचलं. शेणाबद्दल मला लाज वाटली, पण ती लाज मी संध्याकाळपर्यंतच ठेवू शकलो, कारण मग मी दार उजेडात नीट पाहिलं.

अक्का, आईने काय केलंय ते तू बघितलंस का? तिचं सारवण मला पाठ आहे. चार बोटांच्या चार रेघा, आणि खालून अंगठ्याची बारीक कड. पण या दारावर तीनच रेघा आहेत. पहिली, मग मधल्या बोटाची, मग एक अख्खी जागा कोरी, आणि मग करंगळीची. प्रत्येक कमानीत तसंच. चुकून नाही, दारभर. ती एक बोट उचलून सारवते आहे.

मी दोन दिवस झोपलो नाही म्हटलं तर तू हसशील. हे तिला कसं सुचलं? त्या कोऱ्या जागेमुळे बाकीच्या रेघा श्वास घ्यायला लागतात. सगळं भरलेलं असलं की भिंत होते, एक रेघ सोडली की चित्र होतं. गाव ओस पडलंय, जनावरं गेलीत, ते तिने हंडे-बिंडे न काढता एक बोट उचलून सांगितलं. माझ्या आईने.

मी आता तसंच करतोय. अनामिका आत दुमडून धरायची आणि हात फिरवायचा. सुरुवातीला बोट दुखतं, पण सवय झाली. खोली भरून फळ्या झाल्यात. प्राध्यापक आले, बघितलं, दोरीचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, ही रिकामी रेघ म्हणजे आपल्या पिढीचं विधान आहे. प्रदर्शनाचं नाव त्यांनी तिथल्या तिथे ठेवलं, ‘रिकामी रेघ’. फडताळाचं दार हॉलच्या मध्यभागी टांगायचं म्हणतात.

नवा परिचय लिहिलाय. यात पश्चिम अजिबात नाही. ‘चित्रकाराच्या मातेने ऐन दुष्काळात पारंपरिक सारवणातील एक रेघ जाणीवपूर्वक वगळून अभावाला आकार दिला...’ असा. हा आईला वाचून दाखव. आणि तिला विचार, बोट उचलायचं कधी सुचलं.

दुकानावरची ‘गहिनी आर्ट्स, तैलचित्रे व नामफलक’ ही पाटी उतरवली. तिच्या पाठीवर पण सारवलं.

तुझा,
गहिनी

---

मुंगसवाडी,
१९ जानेवारी १९७३

गहिनी,

तिला बोट उचलायचं दिवाळीच्या आधी सुचलं. पाझर तलावाच्या बांधाला बसवायचे पिचिंगचे दगड बाया चढवत होत्या. वरून एक निसटला, हिचा उजवा हात खाली होता. करंगळीशेजारचं बोट चेचलं. तालुक्याला नेईपर्यंत काळं पडलं होतं, डॉक्टरने काढून टाकलं. जखम भरून आली ती कार्तिक संपता संपता.

तिने मला तांबड्या गायीची शपथ घातली होती की त्याला कळवायचं नाही, तो काम टाकून येईल. म्हणून दिवाळीला येऊ नको म्हणून मी लिहिलं. शपथ आता मोडते आहे. गाय छावणीत आहे, तिला कळणार नाही.

तेव्हा ते विधान नाही, बाबा. अभावाला आकार वगैरे नाही. तिथे बोट नाही, म्हणून तिथे रेघ नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मला इतका संताप आला की मी ते चुलीत घालणार होते. मग म्हटलं, ज्या बाईचं बोट आहे तिला तरी कळू दे की पुण्यात त्याचं काय काय होणार आहे. वाचून दाखवलं. ‘जाणीवपूर्वक’ म्हणजे काय ते समजावून द्यावं लागलं. म्हणजे मुद्दाम, म्हणाले. मावशी आधी हसली. इतकी हसली की छबूबाई भिंतीपलीकडून विचारती झाली. मग मला म्हणाली, पुन्हा वाच, बोट दुमडतो ते. वाचलं.

तेव्हा जे बोलली ते जसंच्या तसं लिहिते, माझी लाल शाई न लावता:

“मला बोट न्हाई म्हनून जागा ऱ्हाती. त्याला धा बोटं दिल्यात म्या. त्यानं कशापायी लंगडं सारवायचं? धडधाकट मानसानं लंगडायचं सोंग घेतलं, तर लंगड्याला काय बरं वाटतंय व्हय? त्याला म्हनावं, सारवायचं तर पुऱ्या हातानं सारव. न्हाईतर मेलेल्यांच्या मिशा काढ.”

यात मला काही जोडायचं नाही.

अक्का

---

केडगाव,
२ एप्रिल १९७३

ती. अक्कास नमस्कार.

जानेवारीत येऊन गेलो, त्यानंतर हे पहिलंच पत्र. तू पाहिलंसच, तिने हात दाखवला नाही. पूर्ण वेळ पदराखाली. भाकरी वाढताना डाव्या हाताने वाढली, आणि वर मलाच म्हणाली की तुझं बोट सुजलंय का रे. सुजलं होतं. दुमडून दुमडून. मी काहीतरी बोलायला लागलो तर म्हणाली, रडायचं तर केडगावला जाऊन रड, हितं पानी कमी हाय. आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसवून दिलं.

इथे आल्यावर सगळ्या फळ्या खरवडल्या. एकूण एक. दार तेवढं ठेवलं, ते माझं नाही.

मग पुरा हात लावून बसलो. अक्का, पुरा हात ही फार वाईट गोष्ट आहे. एक बोट दुमडलं की सगळं लगेच अर्थपूर्ण दिसत होतं. चारही बोटं टेकवली की फक्त आपला हात दिसतो. माझा अंगठा ब्रश धरून वाकडा झालाय, त्याची कड जाड येते. पहिलं बोट उगाच पुढे पुढे करतं. करंगळी तर टेकतच नाही, तिची रेघ मध्येच विरते. आईसारखं एकही वळण येत नाही. पण आता मी आईसारखं करायचं सोडलंय. जे येतं ते माझं आहे आणि ते अजून वाईट आहे, एवढं मला कळतं. रोज बसतो. माती गढीखालची नाही, इथलीच काळी. तडकते, तर तडकू देतो. तडा कुठून जाणार याचा अंदाज घेऊन हात फिरवायला लागलोय.

प्राध्यापकांना खरं काय ते सांगितलं. मला वाटलं ते ओशाळतील. ते म्हणाले, वा, मग तर अर्थ अधिकच गहिरा झाला. कार्डं छापून आलीत, ‘रिकामी रेघ’, कृपा करून त्या फळ्या पुन्हा करा. मी म्हणालो, माझं बोट जागेवर आहे. ते म्हणाले, कलावंताला सोंग घ्यावंच लागतं. मी म्हणालो, तेवढी सोय आमच्या घरात नाही. प्रदर्शन रद्द झालं.

वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, फार वाटलं. या एका हॉलसाठी मी पाटी उतरवली होती. आता दुकानांच्या पाट्या रंगवतो, सायकल मार्ट, पिठाची गिरणी, आणि दुपारनंतर मातीत बसतो. आप्पासाहेबांचा माणूस आला होता, त्यांचे काका वारले. मी नाही म्हणालो. फोटो होता तरी.

प्राध्यापकांनी जाताना एक सुचवलं. निदान ते दार द्या, एका सामूहिक प्रदर्शनात टांगू, खाली तुमचं नाव घालू. मी अजून हो किंवा नाही म्हटलेलं नाही. ते दार खरोखर चांगलं आहे, अक्का. या खोलीत चांगलं असं तेच एक आहे.

तुझा,
गहिनी

---

खर्डा, ता. जामखेड,
२५ जुलै १९७३

चि. गहिनीनाथ यास आशीर्वाद.

पत्ता बदललेला दिसेल. जिल्हा परिषदेने माझी बदली खर्ड्याला केली. किल्ला आहे, शाळेला छप्पर नाही. पोरांना इतिहास शिकवायला अडचण नाही.

निघायच्या आदल्या आठवड्यात छावणी मोडली आणि जनावरं घरी आली. तांबडी दारात आली आणि तिने सगळ्यात आधी दारात शेण टाकलं. मावशीच्या तोंडावर जे दिसलं ते तू आप्पासाहेबांच्या आख्ख्या खानदानाच्या गालांवर चढवू शकला नसतास. तिने पदर खोचला आणि घर सारवायला काढलं. तीन रेघा, एक जागा, तसाच हात. छबूबाई येऊन बघत उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, एक रेघ कमी हाय, पन चालंल.” मावशी वळली. मला वाटलं आता युद्ध. पण दोघीही हसायला लागल्या, आणि मग छबूबाईने पदर डोळ्यांना लावला आणि मावशीने तिला पाणी आणायला पिटाळलं.

सगळं घर सारवलं, पण फडताळाशेजारचा भिंतीचा पट्टा सोडला. मी विचारलं, माती संपली का? म्हणाली, त्याच्यासाठी ठेवलाय. पुण्याला मिरवायचं तर आधी हितं हात फिरवून दाखव म्हनावं.

आणि दुसरा निरोप. मांजर रोज फडताळात शिरतं. आता गाय आली, दूध येतं, आणि डाव्या बाजूला दार नाही. मावशीने पोतं लावून पाहिलं, मांजराला ते पटलं नाही. तेव्हा दार परत आण.

तू लिहिलंस की त्या खोलीत चांगलं असं तेच एक आहे. असेल. पण ते दार पुण्यात तुझ्या नावाने टांगलंस, तर आप्पासाहेबांच्या बापाला लावलेल्या नाकात आणि त्याच्यात फरक काय, ते मला कळव. बापू, तू ठरव. मी लांब आले आहे, आता लाल शाई पोचायला चार दिवस लागतील.

तुझी,
अक्का

---

मुंगसवाडी,
११ ऑगस्ट १९७३

ती. अक्कास नमस्कार.

दार घेऊन आलो. कारभारीने त्याचं तिकीट मागितलं नाही, म्हणाला, याचं परतीचं तिकीट आधीच झालंय.

आईने दार उतरवून घेतलं, भिंतीला टेकवलं आणि माझ्याकडे न बघता विळा आणला. मला वाटलं, बिजागरीत अडकलेलं काही काढायचं असेल. तिने डाव्या हातानेच सरळ खरवडायला सुरुवात केली. अक्का, मी पाऊल पुढे टाकलं होतं. तोंडावर आलं होतं की थांब. ती म्हणाली, “लाकडाला शेन कशाला? भुंगा लागतो.” मी थांबलो. खपल्या खाली पडत होत्या, तीन रेघा, जागा, तीन रेघा. मग तिने दार धुतलं, मी बिजागरीत बसवलं. मांजर समोर बसून बघत होतं. माझ्याइतकंच त्याचंही नुकसान झालं.

मग भिंतीचा पट्टा. तिने डाव्या हाताने शेण-माती कालवून दिली आणि चौकटीत पाय पसरून बसली. मी शर्ट काढला. वरून सुरुवात केली. अंगठा जाड आला, पहिलं बोट पुढे पळालं, सगळं आपलं जसं आहे तसं. मी दुमडलं काही नाही आणि लपवलं काही नाही. एका ठिकाणी वळण असं आलं, अक्का, की मला लहानपणीची थोबाडीत आठवली, पण ते तिचं वळण नव्हतं. माझंच होतं. पट्टा संपला तेव्हा दिवस मावळायला आला होता.

आई उठली. जवळ आली. आणि पहिल्यांदा तिने उजवा हात पदराबाहेर काढून माझ्यासमोर धरला, भिंतीवर टेकवला नाही, ओली होती म्हणून, नुसता रेघांवरून वरच्या वर फिरवला. माझ्या तिसऱ्या रेघेवरून तिची ती जागा गेली. मग म्हणाली,

“करंगळी दाबत जा. मधीच मरती.”

मी विचारलं, मग राहू दे का हे?

“पोळ्याला समदं घर सारवायचं हाय. तवा ह्याच्यावरनं हात फिरंल. तवर ऱ्हाऊ दे.”

छबूबाई येऊन बघून गेली. तिने नुसतं ‘बाई’ म्हटलं, पुढचं आईच्या तोंडाकडे बघून गिळलं.

आणि एक. निघायच्या आधी प्राध्यापकांचं कार्ड आलं होतं, हॉल मिळाल्याचं. मी दार देणार नाही म्हणून कळवलं होतं, तेव्हाच ते केडगावला आले होते, नव्या फळ्या बघितल्या आणि म्हणाले की चार रेघा म्हणजे अभावाकडून पूर्णत्वाकडे झालेला प्रवास आहे. त्यांना कशातूनही काहीतरी दिसतं, ती त्यांची करंगळी समज. ऑक्टोबरात हॉल मिळालाय, फळ्या माझ्या, माती केडगावची, तडे जिथे गेले तिथे. नाव काही ठेवायचं नाही म्हणून मी बजावलंय. आईला पुण्याला चल म्हटलं तर म्हणते, पोळा झाल्यावर बघू, सांगता येत नाही, हितं गायीला कोण बघंल.

परिचय पुन्हा मागितलाय. दोन पानं लिहून झाली होती, ती इथे आल्यावर फाडली. आता एवढाच धाडतोय. तपासून पाठव, पण मला वाटतं लाल शाई लागणार नाही.

‘गहिनीनाथ, राहणार केडगाव. जन्म मुंगसवाडी. गुरू: बनुबाई, सारवणाचं काम. शिक्षण चालू आहे. करंगळी कच्ची.’

तुझा,
गहिनी